मेनूकार्डावरचा अर्ज

माझ्या हातून एका बाईचं फार मोठं नुकसान होता होता राहिलं, आणि त्यासाठी मला फक्त दोन शब्द लिहावे लागले होते. ‘प्लेझंटली कन्फ्यूज्ड.’ म्हणजे स्वभावाने छान, पण डोकं ठिकाणावर नाही.

हे शब्द माझे नव्हते. आमच्या कामात ते सर्रास वापरले जातात. मी सिडनीच्या पश्चिम भागातल्या एका एज्ड केअर होममध्ये काम करायचे. वृद्धाश्रम म्हटलं की आपल्या लोकांचे चेहरे पडतात, म्हणून मी घरी फोनवर बरीच वर्षं ‘हेल्थमध्ये आहे’ एवढंच सांगत असे. आले होते हॉटेल मॅनेजमेंट शिकायला. पंचतारांकित हॉटेलच्या लॉबीत साडी नेसून उभी राहीन असं स्वप्न होतं. प्रत्यक्षात म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालायच्या, त्यांचे दात ब्रशने घासून पाण्यात ठेवायचे, आणि शिफ्ट संपताना प्रत्येकाच्या नावापुढे कॉम्प्युटरवर नोंद करायची. आमच्या विंगमध्ये अकरा जण होते आणि नोंदींसाठी दहा मिनिटं. तुम्हीच सांगा, काय लिहिणार?

मी काय करायची ते सांगते. आधीच्या शिफ्टने काय लिहिलंय ते बघायची आणि तेच जरा फिरवून लिहायची. शाळेपासून आम्ही गाइडमधली उत्तरं पाठ करूनच वर आलेलो, त्यात इंग्रजीची धाकधूक. स्वतःचं वाक्य लिहिलं आणि चुकलं तर? सगळे लिहितात तेच लिहिलं तर कुणी विचारत नाही. व्हिसावर असताना अंगात भिनलेली ही सावधगिरी पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावरही गेली नव्हती.

त्या बाई आल्या तेव्हा शहाण्णव वर्षांच्या होत्या. सगळा स्टाफ त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचा, इथली पद्धतच तशी. मला ते कधी जमलं नाही. मनातल्या मनात मी त्यांना कौंटेसबाईच म्हणत राहिले, आधी चेष्टेने आणि नंतर चेष्टा न करता. पाठ ताठ, नाक धारदार, आणि आवाज असा की बाथरूममध्ये बोलल्या तरी किचनमध्ये ऐकू जावं. पहिल्याच आंघोळीला मी त्यांच्या पाठीला साबण लावत होते, तर म्हणाल्या, “माझ्या वडिलांची चार गावांची भातशेती होती, ठाऊक आहे? मी कौंटेस होते. मग मी त्याच्याविरुद्ध मत दिलं.”

मी म्हटलं, “ओ, दॅट्स लव्हली.” आम्ही सगळ्यांना हेच म्हणतो.

नंतर फाइल उघडली. व्यवसाय: शिलाई मशीनवरची कामगार, निवृत्त. राहण्याचं ठिकाण: तीन खोल्यांचं भाड्याचं घर. मूलबाळ नाही, नवरा वारलेला. झालं, माझा निकाल लागला. त्याच विंगमध्ये स्वतःला जहाजाचा कप्तान समजणारे एक आजोबा होऊन गेले होते, आणि एक आजी रोज दुपारी शाळेच्या बसची वाट बघायच्या. त्यात ही एक कौंटेस, म्हणजे उमराव घराण्यातली लेक. मी टाइप केलं: प्लेझंटली कन्फ्यूज्ड, स्वतःला इटलीतली कौंटेस समजते. दुपारच्या शिफ्टने तेच लिहिलं, दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टनेही तेच. महिनाभरात ते एवढ्या वेळा लिहिलं गेलं की जणू डॉक्टरांनीच निदान केलं असावं.

मग त्या वर्षीचा हिवाळा आला आणि सिडनी पुन्हा बंद झालं. कोविडच्या पहिल्या वर्षीचं बंद होणं काहीच नव्हतं असं वाटावं इतकं बंद. आमचा भाग तर खास कडक नियमांतला. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, घराबाहेर पडायचं तर व्यायामाला किंवा किराण्याला, नाहीतर आमच्यासारख्यांनी कामावर. घोळक्याने कुठे उभं राहायचं नाही. भारतीय दुकानांनी भरलेल्या वेंटवर्थव्हिलच्या मेन स्ट्रीटवर, जिथे शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथे मी एकटी धणेपूड आणायला जायची आणि दुकानदार काउंटरला लावलेल्या प्लास्टिकच्या पडद्याआडून हात करायचा. भारतात जाणारी विमानं बंदच होती. भोरला आई एकटी, आणि मी इथे दुसऱ्यांच्या आयांना भरवत होते.

होममध्ये भेटायला येणं बंद झालं. जेवणाचा हॉल बंद झाला. प्रत्येकाने आपापल्या खोलीत राहायचं, जेवणही तिथेच. विंगच्या टोकाला काचेचं दार होतं, त्यापलीकडे छोटी बाग. लिंबाचं झाड, दोन बाकं, लोखंडी जाळीचं कुंपण आणि कुंपणापलीकडे फूटपाथ. त्या दाराला कुलूप लागलं. म्हणजे रहिवाशांसाठी लागलं, कारण आम्ही स्टाफ टी-ब्रेकला त्याच दारातून बाहेर जाऊन मास्क खाली करून बसायचो. आणि अकरा खोल्यांच्या अकरा खिडक्यांतून ते आमच्याकडे बघायचे. मला पहिल्या आठवड्यात लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात सवय झाली, हे जास्त लाजिरवाणं आहे.

एकदा सकाळी त्यांच्या पायांना क्रीम लावत होते. त्यांनी विचारलं, तुझे लोक काय करतात. मी म्हटलं, आमची थोडी भातशेती आहे, आई अजून लावणीला उभी राहते. हे ऐकल्याबरोबर त्यांनी पाय ओढून घेतला, वॉकर धरून उठल्या आणि चक्क कमरेत वाकल्या. माझं धाबं दणाणलं. पडल्या असत्या तर तीन फॉर्म भरावे लागले असते. पण त्या डाव्या हातात नसलेली रोपांची जुडी धरून, उजव्या हाताने एक एक रोप जमिनीत खुपसत, वॉकरसकट मागे मागे सरकायला लागल्या. मधेच थांबून तळव्याने जमिनीवरचं काहीतरी सारखं केलं.

“हे काय केलंत?” मी विचारलं.

“माझ्याच पायाचा खड्डा,” त्या म्हणाल्या. “तो नाही बुजवला आणि त्यात रोप लावलं, तर संध्याकाळी पाण्यावर तरंगताना दिसतं. पहिल्या दिवशी माझी सगळी ओळ तरंगत होती. बायका हसून हसून पडल्या.”

मी खाली बसूनच राहिले. नऊ वर्षांची असताना माझीही अख्खी ओळ अशीच तरंगली होती आणि आईने पाठीत धपाटा घातला होता. पाण्यात उभं राहून कंबर मोडून घेतल्याशिवाय ही गोष्ट कुणाला कळत नाही. पुस्तकात वाचून तर नाहीच नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं, पुढच्या कित्येक सकाळी, आंघोळ आणि ब्रेकफास्टच्या मधल्या वेळात. वडील उमराव, उत्तर इटलीत पसरलेली भातखाचरं. हंगामात बाहेरगावच्या बायका यायच्या, गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून राहायच्या. मुलगी वाड्याच्या गच्चीवरून बघायची. युद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी तिथल्या बायकांना पहिल्यांदा मत मिळालं, आणि देशाला विचारण्यात आलं, राजा हवा की प्रजासत्ताक. वडिलांनी जेवणाच्या टेबलावर सांगितलं, आपल्या घराचं मत राजाला. त्या एकवीस वर्षांच्या होत्या. मत दिलं प्रजासत्ताकाला, आणि घरी येऊन तसं सांगितलंही.

“सांगायची काय गरज होती?” मी विचारलं. माझ्या घरात तर कुणी कुणाला मत दिलं हे नवरा-बायकोही एकमेकांना सांगत नाहीत.

“गुपचूप दिलं असतं तर ते बंड झालं नसतं, चोरी झाली असती,” त्या म्हणाल्या. राजा गेला. पुढे नव्या कायद्याने सरदार-उमरावांच्या पदव्यांनाही अर्थ उरला नाही. आपल्याकडची संस्थानं गेली तसंच. फरक एवढाच, की आपल्याकडच्या कुठल्या राजकन्येने स्वतःच्या हाताने संस्थान बुडवलेलं निदान मी तरी ऐकलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्या स्वतः पाण्यात उतरल्या. आणि बायकांनी जेव्हा काम थांबवलं तेव्हा वडिलांच्या कचेरीत त्यांची मागणी घेऊन गेल्या त्या याच. मागणी काय, तर दुपारी अर्धा तास जास्त विश्रांती. “पूर्ण दिवस मागितला की मालक हसतो,” त्या म्हणाल्या. “अर्धा तास मागितला की त्याला विचार करावा लागतो.” मिळाला अर्धा तास. मग वडिलांनी घराचा दरवाजा बंद केला. कौंटेसबाईंनी इस्टेटीवरच्या पंप दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकशी लग्न केलं, बोटीने इकडे आल्या आणि तीस वर्षं शिलाई मशीनवर बसल्या. तिथे बायकांना बाथरूमला जायला सुपरवायझरची परवानगी लागायची. पुढच्या वर्षी लागेनाशी झाली. कशी ते सांगायला नकोच.

म्हणजे फाइल खरी होती आणि कौंटेसही खरी होती. खोटी होती ती माझी नोंद.

मी ती दुरुस्त केली का? नाही. दुरुस्त करायची म्हणजे आधी मी न विचारता लिहिलं हे कबूल करायचं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, “अगं, कशाला नसत्या भानगडीत पडतेस? त्यांना काय फरक पडतो? शिफ्ट कर आणि घरी ये, यार.” मलाही तेच ऐकायचं होतं.

फरक पडायला तीन आठवडे लागले.

आमच्याकडे रोज सकाळी प्रत्येक खोलीत दुसऱ्या दिवशीचं मेनूकार्ड जायचं. सूप हवं की सॅलड, मासा की चिकन, खूण करायची. सगळ्यात खाली एक ओळ असायची, ‘विशेष विनंती’. तिथे कुणी ‘मीठ कमी’ लिहायचं, कुणी ‘कस्टर्ड जास्त’. नियम असा होता की या ओळीत लिहिलेली प्रत्येक गोष्ट किचनने ऑफिसला कळवायची आणि ऑफिसने लेखी उत्तर द्यायचं. एरवी एका खोलीतला कागद दुसऱ्या खोलीत नेता येत नव्हता, संसर्गाची भीती. पण मेनूकार्डं रोज सगळीकडे जात होती आणि सगळीकडून परत येत होती. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. कौंटेसबाईंच्या आलं.

त्यांनी खोलीतल्या फोनवरून एकेकाला फोन लावले. धीट लोकांना शेवटी, आणि सगळ्यात भित्र्या माणसाला सगळ्यात आधी. “भित्र्याने सही केली की बाकीच्यांना नाही म्हणायची लाज वाटते,” हे त्यांचं तंत्र. आमचे सगळ्यात भित्रे म्हणजे सात नंबरचे आजोबा. त्यांची मुलगी रोज यायची ती बंद झाल्यापासून ते जवळजवळ बोलतच नव्हते. मी कार्ड घ्यायला गेले तर त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. त्यांचे हात थरथरतात, कार्ड भरायला मदत करणं हे माझ्या कामातच होतं. ते हळूच म्हणाले, “लिही. बागेत अर्धा तास.”

मी लिहिलं.

त्या दिवशी किचनमधून ऑफिसला अकरा कार्डं गेली. विशेष विनंती: बागेत अर्धा तास. विशेष विनंती: बागेत अर्धा तास. अकराच्या अकरा. एकाने तर खाली ‘आणि कस्टर्ड जास्त’ असंही लिहिलं होतं.

मॅनेजरबाई वाईट नव्हत्या, हे मला आज कळतं. तेव्हा त्यांचा फार राग आला. त्यांना एकच दिसत होतं, की शहरातल्या दुसऱ्या होम्समध्ये एक केस शिरली आणि माणसं गेली, तसं आपल्याकडे होता कामा नये. त्यांनी सगळ्यांना नम्र नकार पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा कार्डं, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा त्यांनी हे कोण करतंय ते शोधलं, फाइल उघडली, आणि तिथे माझे दोन शब्द त्यांची वाट बघत बसले होते.

मला ऑफिसात बोलावलं. “सात नंबरच्या कार्डावरचं अक्षर तुझं आहे?”

“त्यांना लिहायला मदत लागते. केअर प्लॅनमध्ये आहे,” मी म्हटलं.

“नो वरीज,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावरून कळत होतं की पुष्कळ वरीज आहेत. मग म्हणाल्या, “हे बघ, ती बिचारी गोंधळलेली आहे. तुम्हीच सगळ्यांनी लिहिलंय. तिच्या नादाने बाकीचे अस्वस्थ होतायत. गुरुवारी डॉक्टर व्हिडिओवर तिची तपासणी करतील आणि आपण तिला मेमरी विंगला हलवू. तिथे ती सुरक्षित राहील.”

मेमरी विंग म्हणजे मागची इमारत. दाराला आकड्यांचं कुलूप, खोलीत फोन नाही, आणि तिथून बाग दिसत नाही. स्मृती पार गेलेल्या माणसांसाठी ती जागा योग्य आहे, मी तिथेही काम केलं आहे. पण ज्या बाईचं डोकं माझ्याहून लख्ख चालत होतं तिला तिथे ठेवणं म्हणजे जिवंतपणी पुरणं. आणि फावडं माझ्या हातातलं होतं.

बुधवारी मी त्यांना सगळं सांगितलं. आंघोळीच्या स्टुलावर त्या बसलेल्या आणि मी समोर रडतेय, असा उलटा प्रकार. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी टॉवेल मागितला, खांद्यावर घेतला आणि विचारलं, “किती जणांनी तुझं वाचून तेच लिहिलं?”

“सगळ्यांनी.”

“बघ,” त्या म्हणाल्या, “तुझ्यात पुढारी व्हायचे गुण आहेत.” आणि इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरून नर्सने दार ठोठावलं.

गुरुवारी सकाळी अकराला मी टॅबलेट धरून त्यांच्या खोलीत उभी होते. त्यांनी निळा स्वेटर मागून घेतला होता आणि केस दोनदा विंचरून घेतले होते. मॅनेजरबाई दाराशी. पडद्यावर वयस्कर डॉक्टर, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी साल विचारलं, ऋतू विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. कौंटेसबाई दोनापर्यंत गेल्या आणि थांबून म्हणाल्या, “पुढे ऋण संख्या येतात, हव्या आहेत का?” पंतप्रधान कोण विचारल्यावर म्हणाल्या, “आजचे ना? तुमच्याकडे इतके बदलतात म्हणून विचारलं. इटलीत याहून वाईट असतं.” आणि बरोबर नाव सांगितलं.

डॉक्टरांनी कागद खालीवर केले. “इथे लिहिलंय की तुम्ही स्वतःला कौंटेस समजता.”

“समजत नाही. होते.”

“याला काही पुरावा?”

“सगळा वडिलांकडे राहिला,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला.

आता गप्प बसलीस तर जन्मभर स्वतःचं तोंड बघू शकणार नाहीस, असं मी मनाशी मराठीत म्हटलं आणि इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. “डॉक्टर, ती पहिली नोंद माझी आहे. मी त्यांना काहीही न विचारता लिहिली. बाकीच्यांनी माझी बघून लिहिली. ती चूक आहे.”

दाराशी श्वास ओढल्याचा आवाज आला. डॉक्टर चष्म्यावरून बघायला लागले. “आता चूक आहे हे कशावरून म्हणता?”

मी भातलावणी सांगितली. इंग्रजीत लावणीला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, तर मी एका हाताने टॅबलेट धरून, फेस शील्ड सावरत, पीपीई गाऊनसकट कमरेत वाकले आणि मागे सरकत दाखवलं. पायाचा खड्डा, तरंगणारं रोप, माझ्या आईचा धपाटा, सगळं. उठले तेव्हा डॉक्टर हसत नव्हते, लिहून घेत होते.

“ठीक,” ते म्हणाले. “खरं तर या कौंटेस होत्या की नाही हा माझा प्रश्न नाही. त्या जे मागतायत ते त्यांना कळतंय का, हा आहे. मॅडम, बाग उघडली आणि आजार आत आला तर?”

मग कौंटेसबाई बोलल्या, आणि मी आयुष्यात इतकं नेटकं बोलणं ऐकलेलं नाही. एका वेळी एकच माणूस. स्टाफ ज्या दारातून चहा प्यायला जातो त्याच दारातून. अर्धा तास बाहेर, मग पाच मिनिटं बाक पुसायला. अकरा जण, सकाळी नऊला सुरू केलं तर दुपारी साडेतीनच्या आत सगळे आत. जेवण ज्याच्या वेळेत येईल त्याने मागाहून जेवायचं, तशी सगळ्यांची कबुली घेऊन झाली आहे. इमारतीत एक जरी केस आली तर बाग त्याच तासाला बंद, आणि सगळ्यांना फोन करून त्या स्वतः सांगतील. “आम्हाला धोका कळत नाही असं समजू नका,” त्या म्हणाल्या. “आमच्यापैकी काहींचा हा शेवटचा हिवाळा आहे, आजार असो वा नसो. तो भिंतीकडे बघत घालवायचा की लिंबाच्या झाडाकडे, एवढंच आम्ही विचारतोय.”

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. मग दाराकडे बघून म्हणाले, “या बाई पूर्ण शुद्धीत आहेत. मी ज्या कमिट्यांवर बसतो तिथल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त. त्या कुठेही हलणार नाहीत. आणि मोकळी हवा मी सगळ्या अकरा जणांना लेखी लिहून देतो.”

मला ओरडावंसं वाटलं. शाळेत कबड्डी जिंकल्यावर ओरडायचे तसं. ओरडले नाही, कारण मॅनेजरबाई आत येऊन खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. “मला फक्त कुणी दगावायला नको होतं,” त्या म्हणाल्या. कौंटेसबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, ग्लोव्ह्जवरच. “मला ठाऊक आहे. तू तुझ्या वरिष्ठांकडे काय मागणार आहेस ते सांग. मजकूर मी लिहून देते.”

त्याच दिवशी मी नोंद दुरुस्त केली. दहा मिनिटांत मावणारं नव्हतं, तर टी-ब्रेक घालवला. आधीच्या नोंदी चुकीच्या आहेत, पहिली मी लिहिली, रहिवासी पूर्वाश्रमीच्या कौंटेस आणि निवृत्त शिलाई कामगार आहेत. स्वतःचं वाक्य, व्याकरण काय असेल ते असो. मला समज देणारी एक मीटिंग झाली, ती मी मान ताठ ठेवून ऐकली.

सोमवारी नऊला काचेचं दार उघडलं. यादी कौंटेसबाईंनी केली होती. पहिलं नाव सात नंबरच्या आजोबांचं. मी त्यांची खुर्ची लिंबाखाली नेली तर कुंपणापलीकडच्या फूटपाथवर त्यांची मुलगी उभी, मास्क लावून, दीड मीटरपेक्षा लांब. तिला कुणी फोन केला हे मी विचारलं नाही. आजोबा बघत राहिले आणि मग अडीच महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. “तू बारीक झालीस,” ते म्हणाले. ती जाळीला धरून रडली.

दिवसभर तसंच चाललं. कुणाचा मुलगा, कुणाची नात, कुणाचा जुना शेजारी. आणि यादीत सगळ्यात शेवटी, दुपारी दोन पन्नासला, कौंटेसबाई. मला त्याचंच वाईट वाटत होतं, कारण त्यांच्यासाठी कुंपणाशी येणारं कुणी नव्हतं. सकाळी सात नंबरच्या मुलीशी बोलताना मी हे बोलून गेले होते, बस, एवढंच.

खुर्ची बाहेर काढली तर फूटपाथवर माणसंच माणसं. बाकी दहा जणांची, पाच किलोमीटरच्या आत राहणारी सगळी माणसं आली होती. उभं राहून गर्दी करायला बंदी, पण चालत व्यायाम करायला नव्हती. म्हणून सगळे चालत होते. एकेकटे किंवा दोघं दोघं, मधे अंतर ठेवून, कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग रस्ता ओलांडून मागे, पुन्हा पहिल्यापासून. कुणी बोलत नव्हतं. समोरून जाताना प्रत्येक जण त्यांच्याकडे बघून हात वर करायचा. त्यात माझा नवराही होता, ऑफिसच्या शर्टाखाली ट्रॅकपँट घालून. आदल्या रात्री मी त्यालाही हेच बोलले होते, आणि तो व्हिडिओ मीटिंग अर्धी टाकून आला होता. पोलिसांची गाडी एकदा हळू झाली, आतल्याने पाहिलं, आणि पुढे गेली.

कौंटेसबाईंनी फूटपाथच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग पाठ ताठ केली आणि हात वर केला, आणि तो खाली घेतलाच नाही. दंड थकून कापायला लागला तेव्हा मी खालून कोपराला आधार दिला. मी फेस शील्डच्या आत ढसाढसा रडत होते आणि पुसता येत नव्हतं. इतका आनंद मला स्वतःच्या पीआरच्या पत्रानेही झाला नव्हता. मधे दोन बायका गप्पा मारायला थांबल्या तर कौंटेसबाई कडाडल्या, “थांबायचं नाही! चाला!” फूटपाथवर हशा पिकला आणि बायका पळतच पुढे गेल्या.

मॅनेजरबाई दारात उभ्या होत्या. वेळ संपत आली तरी त्यांनी मुद्दाम घड्याळाकडे पाठ केली होती. मीही खुर्चीचा ब्रेक काढला नाही. पण तीन वीस झाले आणि कौंटेसबाईंनी हात खाली घेतला.

“आत चल,” त्या म्हणाल्या.

“बसा ना अजून थोडा वेळ,” मी म्हटलं. “आज कोण काय म्हणणार आहे?”

“अर्धा तास मागितला, अर्धा तास घेतला. उद्या पुन्हा यायचं आहे.”

मी ब्रेक काढला आणि खुर्ची वळवली. आम्ही काचेच्या दारातून आत गेलो तेव्हा बाहेर माणसं अजून चालत होती.